आई-बाबांच्या पैशाला कुंपण: फसवणूक होण्याआधी काय करायचं, झालीच तर काय करायचं

दक्षिण मुंबईत राहणाऱ्या ८६ वर्षांच्या एका आजींना २०२४ च्या डिसेंबरअखेर एक फोन आला. तुमचं आधार वापरून खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, असं पलीकडचा ‘पोलीस अधिकारी’ म्हणाला. पुढचे दोन महिने आजी त्याच्या सांगण्याप्रमाणे घरात ‘हजर’ राहिल्या आणि तो सांगेल त्या खात्यांत पैसे भरत गेल्या. मार्च २०२५ मध्ये पोलिसांकडे तक्रार झाली तोवर २० कोटींहून जास्त रक्कम गेली होती. आजी खोलीतून फक्त जेवणापुरत्या बाहेर येतात, काहीतरी बिनसलंय, हे लक्षात आलं ते घरकामाला असलेल्या बाईंच्या. त्यांनी मुलीच्या कानावर घातलं.

माझी नोकरी बँकेच्या शाखांमध्ये गेली, म्हणून मला या बातमीतली सगळ्यात मोलाची ओळ ही शेवटचीच वाटते. फसवणाऱ्याला घाई हवी असते आणि समोरचा माणूस एकटा हवा असतो. ओटीपी, लिंक, खोटं ओळखपत्र हे नंतरचं. म्हणून खालच्या सगळ्या खटपटीचा रोख एकच आहे: मोठी रक्कम हलायला वेळ लागला पाहिजे, आणि ती हलताना आणखी कुणाला तरी कळलं पाहिजे.

आधी बोलणं

बहुतेक मुलं इथेच गाडी चुकवतात. पेपरात बातमी वाचतात आणि रविवारी घरी येऊन म्हणतात, “बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही, कार्ड आणि पासबुक माझ्याकडे द्या.” ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं, बहिणींची लग्नं केली, फ्लॅटचे हप्ते फेडले, तो यावर काय करणार? कार्ड देईल कदाचित, पण त्यानंतर काही सांगणार नाही. आणि न सांगणारा म्हातारा माणूस हे ठगाचं आवडतं गिऱ्हाईक.

त्यापेक्षा असं बघा: “बाबा, मी माझ्या खात्याला लिमिट लावून घेतोय. शनिवारी बँकेत जाणारच आहे, तुमचंही करून टाकू का?” आणि सोबत एक नियम दोन्ही बाजूंनी ठरवा. अमुक रकमेच्या वर काही पाठवायचं असेल तर आधी एकमेकांना फोन. रक्कम त्यांना ठरवू द्या. तुम्हीही खरंच फोन करा, नाहीतर तो नियम त्यांच्यावरची पाळत होतो.

मुलं परदेशात असतील तर गावातलाच एक माणूस नेमा: भाची, शेजारच्या वहिनी, जुना सहकारी. कोथरूडमध्ये सकाळी अकराला फोन वाजतो तेव्हा न्यू जर्सीत मध्यरात्र उलटलेली असते. तोवर थांबायला ठग वेळ देत नाही. घरकामाच्या मावशींनाही तुमचा नंबर देऊन ठेवा आणि सांगा, “दिवसभर दार लावून फोनवर बोलत असले तर मला कळवा.”

आणखी एक. आता नातवाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून “आजी, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव” असे फोन येतात. घरात एक खुणेचा प्रश्न ठरवून घ्या, ज्याचं उत्तर फेसबुकवर कुठेच सापडणार नाही. गावच्या म्हशीचं नाव चालेल.

खाती वेगळी करा

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि खर्च शून्य. बहुतेक पेन्शनरांचं एकच खातं असतं. त्यातच पेन्शन, त्यातच एफडीचं व्याज, त्यालाच यूपीआय, त्याचंच एटीएम कार्ड. म्हणजे भाजीवाल्याला साठ रुपये देणाऱ्या फोनला आयुष्याची पुंजी जोडलेली.

एक दुसरं साधं बचत खातं काढा, शक्यतो वेगळ्या बँकेत. पेन्शन खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम, समजा २० हजार, तिकडे आपोआप जाईल अशी स्थायी सूचना बँकेत लिहून द्या. यूपीआय आणि कार्ड फक्त या खर्चाच्या खात्याला. पेन्शन खात्याचं यूपीआय बंद, नेट बँकिंग बघण्यापुरतं, कार्ड घरच्या कपाटात. झालंच तर महिन्याच्या खर्चाचं नुकसान होईल, निवृत्तीच्या पैशाचं होणार नाही. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवता येतात, रोजची मर्यादा कमी करता येते. ही सोय बँकेला द्यावीच लागते. बँकेच्या ॲपमध्ये असते, नाहीतर शाखेत अर्ज द्या.

आता एफडी. संयुक्त नाव म्हटलं की काउंटरवर सवयीने ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ यावर खूण होते. फॉर्मवर तीन-चार पर्याय असतात आणि त्यांचे अर्थ फार वेगळे आहेत. खात्यात मुलाचं नाव फक्त पुढची सोय म्हणून घालायचं असेल, तर ‘पहिला किंवा हयात’ निवडा. आई हयात आहे तोवर व्यवहार तिच्याच सहीने होतील. उलट आई-बाबा फोनवरच्या दडपणाला बळी पडतील अशी भीती असेल, तर मोठ्या ठेवींसाठी ‘दोघांच्या सहीने’ हा पर्याय बघा. मग एकट्याला ती मोडता येत नाही. याची अडचणही आहे: दवाखान्यात तातडीने पैसे लागले आणि दुसरी सही बेंगळुरूला असली की पंचाईत. म्हणून सगळ्या ठेवी एका साच्यात घालू नका. दोन-तीन लाखांची एक एफडी मोकळी ठेवा, बाकीच्या बांधा.

दोन गोष्टी शाखेत मुद्दाम विचारा. ठेव ॲपवरून ऑनलाइन मोडता येते का, आणि ती सोय बंद करता येईल का? दुसरं, खात्याला ऑटो स्वीप आहे का? स्वीपमध्ये जास्तीची रक्कम आपोआप एफडीत जाते, पण खात्यातून मोठी रक्कम निघाली की ती एफडी आपोआप मोडून पैसे परत खात्यातही येतात. पासबुकात शिल्लक थोडी दिसते म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि ठग त्याच वाटेने ठेव रिकामी करतो.

नॉमिनी तपासून घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, वाटाही ठरवून. कोरा चेक सही करून ड्रॉवरमध्ये ठेवायची सवय असेल तर ते चेक आजच फाडा.

फोन आणि आधार

फोनचं थोडक्यात. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, वीजबिल, बँकेचं केवायसी या नावाने येणारी फाइल ‘एपीके’ असेल तर ते ॲप असतं. ती उघडून परवानग्या दिल्या की एसएमएस, म्हणजे ओटीपी, परस्पर तिकडे जायला लागतात. अनोळखी ठिकाणाहून ॲप घेण्याची परवानगी सेटिंगमध्ये बंद करा. स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी ॲप काढून टाका. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ हा मेसेज आला की त्यातल्या नंबरवर फोन करायचा नाही, जुन्या बिलावरचा ग्राहक क्रमांक घालून महावितरणच्या ॲपवर थकबाकी बघायची. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच घालावा लागत नाही, हे वाक्य फोनच्या कव्हरमागे चिकटवलं तरी चालेल. बँकांचे खरे सेवा-कॉल आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत अशी व्यवस्था केलेली आहे आणि बँकांच्या वेबसाइटचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा असतो. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘मी बँकेतून बोलतोय’ असं ऐकू आलं की फोन ठेवायचा.

संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. आई-बाबांच्या नावावर न घेतलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं.

आधारच्या अंगठ्याकडे मात्र लक्ष हवं. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर गावच्या बँक मित्राकडे पैसे काढता येतात. ओटीपी लागत नाही. नोंदणीकृत खरेदीखतांवरचे ठसे उचलून, त्यांची नक्कल करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे नोंदले गेलेत. यावर उपाय म्हणजे आधारच्या ॲपमध्ये किंवा यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर बायोमेट्रिक लॉक करणं. लॉक असताना रेशन दुकानात अंगठा लागणार नाही आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढताना चेहराही जुळणार नाही. तेवढ्यापुरतं उघडायचं आणि परत बंद करायचं. ज्यांना दरमहा रेशनला अंगठा द्यावा लागतो आणि घरात स्मार्टफोन नाही, त्यांच्यावर हे लादू नका. त्यांच्यासाठी अंगठ्याने पैसे काढण्याची सोय बंद करता येते का, ते बँकेत विचारा.

फोनवरचे साहेब

एकदा काउंटरवर साधारण सत्तरीचे एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात एफडीच्या तीन पावत्या. “तिन्ही मोडायच्यात. आरटीजीएस करायचंय.” मी विचारलं, काका, एवढ्या सगळ्या कशाला? “फ्लॅट घेतोय.” उत्तर पाठ केल्यासारखं आलं आणि त्यांची नजर शर्टाच्या खिशाकडे गेली. खिशात मोबाइल होता, कापडातून उजेड दिसत होता. मी पैसे काढायची एक स्लिप उलटी केली, मागे लिहिलं ‘फोनवर कोणी ऐकतंय का?’ आणि सहीसाठी सरकवावी तशी पुढे सरकवली. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. मग “काका, सही जुळत नाही, आत या” म्हणत त्यांना मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं आणि फोन बाहेर टेबलावर राहिला. आत खुर्चीत बसल्यावर त्यांचे हात थरथरायला लागले.

म्हणून बँकेत काम करणाऱ्यांनाही विनंती: ठेव मोडायचं कारण विचारणं म्हणजे नाक खुपसणं नाही.

घरात काय सांगून ठेवायचं? ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर केलेली ‘अटक’, नावाची गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला, इतकं हे पसरलंय. खरी अटक झाली तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर, अपवाद सोडता, अटक करता येत नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी कोठडीत राहत नाही. ‘तपासणीसाठी पैसे रिझर्व्ह बँकेत जमा करा, परत मिळतील’ असं कुठलंही खातं नसतं.

पण घाबरलेल्या माणसाला हे मुद्दे आठवत नाहीत. त्याला एक वाक्य द्या, दोन-तीनदा मोठ्याने म्हणवून घ्या: “मी माझ्या मुलीला घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात येतो, तिथे बोलू.” आणि फोन ठेवायचा. पलीकडचा ‘कुणाला सांगितलंत तर मुलालाही उचलू’ म्हणाला, तर तीच त्याची ओळख. खरा पोलीस नातेवाइकांपासून लपवायला सांगत नाही.

रस्त्यावरचा जुना प्रकारही संपलेला नाही. सकाळी फिरायला निघालेल्या आजीला दोघे अडवतात: “आजी, पुढे चोरी झालीय, आम्ही पोलीस. पाटल्या, चेन काढून रुमालात बांधा.” बांधायला ‘मदत’ करतात आणि घरी आल्यावर रुमालात खडे निघतात. पोलीस कधी दागिने काढायला लावत नाहीत. समोरच्या दुकानात शिरायचं, दुकानदाराला ११२ लावायला सांगायचं.

जास्त व्याजाचं आमिष

सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास देते, त्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. हा आकडा घरातल्या सगळ्यांनी पाठ करावा. महिन्याला ५ टक्के म्हणणारा माणूस वर्षाला ६० टक्के सांगतोय, हा गुणाकार तिथल्या तिथे करायचा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या दुकानापुढे जी गर्दी झाली, ती आठवड्याच्या व्याजाला भुललेल्यांचीच होती.

बँक आणि पतसंस्था यांतला फरक समजावून सांगा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी असली तरी, एका ठेवीदारामागे व्याजासकट ५ लाखांचा विमा आहे. तो विमा पतसंस्थेला लागू नाही. चेअरमन ओळखीचे आहेत, देवळात रोज भेटतात, हे तारण होत नाही. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करता येते. शेअर बाजाराचा सल्लागार सेबीकडे, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेला आहे का, ते सेबीच्या वेबसाइटवर दिसतं.

आणि एक खटकणारी गोष्ट, आमच्याच बिरादरीची. एफडी करायला आलेल्या ज्येष्ठांच्या गळ्यात विमा पॉलिसी मारली जाते. कागदावर ‘प्रीमियम’ आणि ‘पॉलिसी टर्म’ हे शब्द असतील तर ती एफडी नव्हे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. मुदत गेली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल.

घरातलाच माणूस

यावर बोलायला कुणाला आवडत नाही. पेन्शनचं कार्ड पुतण्याकडे असतं आणि आजीला औषधाला पैसे मागावे लागतात. केअरटेकर म्हणून आलेला मुलगा हळूहळू यूपीआय पिन शिकून घेतो. सगळ्यात मोठं नुकसान मात्र घराच्या कागदात होतं.

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे. त्यामुळे ‘आत्ताच नावावर करून टाका, पुढचा खर्च वाचेल’ हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण बक्षीसपत्र नोंदलं की घर आई-वडिलांचं राहत नाही. मृत्युपत्रात ते मरेपर्यंत राहतं आणि मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत आणि ते वाटेकरी नसावेत. मला विचाराल तर उतारवयात मृत्युपत्रच करावं.

द्यायचंच ठरलं असेल तर दस्तातच अट लिहून घ्या: घेणारा आई-वडिलांचा सांभाळ करील, राहायला जागा देईल, औषधपाणी बघेल. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की अशी अट असून सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण तो दस्त रद्द ठरवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट असणं गरजेचं मानलं आणि जानेवारी २०२५ च्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं म्हटलं. वकील पुढे काय वाद घालतील ते घालोत, अट लिहिलेली असली की तुमचं पारडं जड.

न्यायाधिकरण म्हणजे आपल्या प्रांत कार्यालयात, उपविभागीय अधिकाऱ्यापुढे. अर्ज साधा असतो, स्वतः करता येतो, कोणी संस्थाही त्यांच्या वतीने करू शकते. महिना १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

गावाकडे सातबारा दर तीन-चार महिन्यांनी महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर उघडून बघा. कुणी परस्पर हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र करून फेरफार टाकला असेल तर नोटीस निघते आणि हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. नोटीस बऱ्याचदा ‘घरात दिली’ म्हणून नोंदते आणि म्हातारीपर्यंत पोचतच नाही. कुलमुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर एका कामापुरतं, मुदत घालून द्या. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच.

पैसे गेलेच तर

पहिला तास सोन्याचा. रडारड, ‘सांगितलं होतं ना’ हे सगळं नंतर. खरं तर नंतरही नको, कारण लाजेपोटी लपवलेल्या तक्रारी मी पुष्कळ पाहिल्यात.

लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती वाजता किती गेले, मेसेजमधला व्यवहार क्रमांक, समोरच्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी हे जवळ ठेवा. ही तक्रार थेट बँकांच्या साखळीत जाते आणि पैसा पुढच्या खात्यात अडकला असेल तर तिथे गोठवतात. तासाभरात तो पाच-सात खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेला असू शकतो. १९३० लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा. पोचक्रमांक लिहून ठेवा.

दुसऱ्याने त्याच वेळी बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग बंद करून घ्यावं. मग शाखेत लेखी अर्ज, दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेचा शिक्का. हा शिक्का महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही असा व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेचा. डिजिटल अरेस्टमध्ये माणूस स्वतः पैसे पाठवतो, तिथे या परिपत्रकाचा फारसा आधार मिळत नाही. तिथे १९३० हाच रस्ता. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

फोनमधलं काही पुसू नका. चॅट, कॉलची यादी, खोटं वॉरंट, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. एपीके उघडली असेल तर आधी नेट बंद करा, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर झीरो एफआयआर मागा, हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घेणं भाग आहे.

यानंतर दोन-चार आठवड्यांनी आणखी एक फोन येतो: “तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा.” फसलेल्यांचे नंबर विकले जातात आणि तीच टोळी, किंवा तिचीच चुलत भावंडं, पुन्हा हात मारतात. गोठवलेली रक्कम फी भरून सुटत नाही. ती बहुतेक वेळा न्यायालयाच्या आदेशाने सुटते. त्या अर्जाला एफआयआरची प्रत, १९३० चा पोचक्रमांक, बँकेचा शिक्का असलेला अर्ज आणि खात्याचा उतारा लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून हे चार कागद एका फाइलीत लावत जा.